सातवा रकाना खोड

बाळा,

तुझं पत्र आणि सोबतचा भरतीचा फॉर्म, दोन्ही नीट वाचलं. सोलापुरात शूटिंगसाठी पंचवीस जणांचं युनिट उभं करायचं आणि त्यात घरी किंवा कामावर अत्याचार सोसून बाहेर पडलेल्यांना जागा द्यायची, हे तू मनावर घेतलंस. त्याचं वेगळं कौतुक करत नाही, कारण ते करायलाच हवं यावर आपलं एकमत आहे. माझं भांडण तुझ्या सातव्या रकान्याशी आहे. 'आपल्यावर झालेल्या अत्याचाराचे स्वरूप थोडक्यात लिहा', आणि त्याखाली 'एफआयआर किंवा संस्थेचे पत्र जोडा'. हा रकाना आजच खोड. थोडक्यात लिहा म्हणे!

तुझी शंका अशी की खोटं सांगून कुणी जागा घेतली तर काय. घेऊ दे की. तुला कॉस्च्युमला असिस्टंट हवी आहे, तर तिला कपडे क्रमाने लावता येतात का, वेळेवर येते का, एवढं बघ. पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, वकिलाकडे आणि कोर्टात जी गोष्ट तिने सांगितली, ती नोकरीसाठी आणखी एकदा सांगायला लावणं हा निव्वळ छळ आहे. शिवाय ती गोष्ट कागदावर राहते. कागद प्रॉडक्शनच्या लॅपटॉपवर जातो, तिथून कुणाच्या तरी फोनवर, आणि तिसऱ्या दिवशी जनरेटरवाल्यालाही ठाऊक असतं. कहाणी विचारायची नाही. पत्रभर हेच पुन्हा पुन्हा म्हणणार आहे.

मग अशा माणसांपर्यंत पोचायचं कसं? अटींतून. तुझ्या जाहिरातीत 'पीडित महिलांना प्राधान्य' आहे. ते वाचून जिला खरी गरज आहे ती येणार नाही, कारण त्या ओळीखाली अर्ज केला की सगळ्या गावाला कळलं. त्याऐवजी लिही: शिक्षणाची अट नाही, कामात खंड पडला असेल तर चालेल, पगार दर शनिवारी, येण्याजाण्याची गाडी आमची, लहान मूल सोबत आणता येईल, कोर्टाच्या किंवा दवाखान्याच्या कामाला सुट्टी मिळेल. जिला कळायचं तिला बरोबर कळतं. ही जाहिरात वन स्टॉप सेंटरला दे, म्हणजे 'सखी' केंद्र, ते प्रत्येक जिल्ह्यासाठी आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांना दे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला दे, बचत गटांना दे. त्यांना सांग की तुम्ही नाव सुचवा, कारण सुचवू नका. आणि हीच जाहिरात बाहेरही लाव, म्हणजे सेटवर कोण कुठल्या वाटेने आलं हे कुणालाच ओळखता येणार नाही. अत्याचार सोसलेल्यांत पुरुष असतात, तृतीयपंथी असतात, लहानपणी भोगलेलं पोटात ठेवून कामाला येणारी पोरं असतात. तुझ्या फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. कहाणी विचारायची नाही म्हटलं की ते आपोआप आत येतात.

मुलाखतीपेक्षा दोन दिवसांची चाचणी घे, आणि त्या दोन दिवसांचा पूर्ण रोज दे. फुकट चाचणी घेणार असशील तर घेऊच नकोस. कॉस्च्युमसाठी तीन पात्रांचे बारा कपडे समोर ठेव आणि सीन नंबरप्रमाणे पिशव्या भरून चिठ्ठ्या लावायला सांग. कंटिन्युइटीसाठी, म्हणजे एका शॉटमधली मांडणी पुढच्या शॉटमध्येही तशीच आहे का हे बघायच्या कामासाठी, एकाच खोलीचे दोन फोटो दे, दुसऱ्यात पाच गोष्टी बदललेल्या असू देत. प्रॉडक्शनसाठी किरकोळ खर्चाची पाच हजारांची रोकड आणि पंधरा बिलं दे, त्यातलं एक बिल दोनदा आलेलं असावं. तासाभरात माणूस कळतं. आणि हे सोलापूर आहे हे विसरू नकोस. युनिफॉर्मच्या कारखान्यांत ओव्हरलॉक आणि काज-बटण केलेल्या बायका इथे गल्लोगल्ली आहेत. हजाराच्या मापाने विडी वळणाऱ्या हातांना मोजदाद शिकवावी लागत नाही. पूर्व भागातल्या अनेकींची घरची भाषा तेलुगू, इतर कुणाची कन्नड, कुणाची उर्दू. करारनामा मराठीत असला तरी सहीच्या आधी त्यांच्या भाषेत वाचून दाखवायची सोय कर, आणि कॉल टाइम लिहून पाठवशील तसा बोलूनही पाठव.

मात्र सगळ्यांना कॉस्च्युम आणि हेअरलाच ढकलू नकोस. बायकांनी केस करायचे, मेकअप पुरुषांनीच, हा मुंबईतल्या मेकअप-हेअर संघटनेचा नियम मोडायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि निकाल नोव्हेंबर २०१४ मध्ये आला. फार जुनी गोष्ट नाही ही. लाइटला घे, साउंडला घे, कॅमेऱ्याची मेमरी कार्डं कॉपी करणाऱ्या टेबलावर घे. तीन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, एवढी शिस्त पाळणारं माणूस तिथे हवं असतं, दुसरं काही नाही.

आता पैशाचं. यावर थांबून लिहिते, कारण सदिच्छेची कामं इथेच बुडतात. मालिकांच्या धंद्यात ९० दिवसांनी पैसे ही रीत होऊन बसली आहे. ज्या बाईने घर सोडलंय, तिला ९० दिवस थांबवणं म्हणजे त्याच घरी परत पाठवणं. पगार आठवड्याला, शनिवारी, पॅकअपच्या आधी. निर्मात्याचे हप्ते लांबतात हे मला ठाऊक आहे, म्हणून पहिल्या क्लॅपच्या आधी दोन आठवड्यांचा सगळ्या युनिटचा रोज वेगळ्या खात्यात ठेव आणि त्याला हात लावायचा नाही असं निर्मात्याकडून लिहून घे. तो कुरकुर करेल, करू दे. नाहीच ऐकलं तर शूटिंगचे दिवस कमी कर, पण ही अट सोडू नकोस.

पगार कुठे जाणार, हे त्याहून महत्त्वाचं. पुष्कळ खाती नवऱ्यासोबत जोडलेली असतात, किंवा खातं तिचं आणि मोबाइल नंबर त्याचा. पैसे जमा झाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर वाजतो आणि ती कुठे कामाला लागली ते त्याला कळतं. म्हणून युनिटमधल्या प्रत्येकाला, कॅमेरामनलासुद्धा, एकच प्रश्न विचार: 'या खात्याचा ओटीपी तुमच्याच फोनवर येतो का?' उत्तर नाही आलं तर 'का' विचारायचं नाही. अर्ध्या दिवसाची पगारी सुट्टी दे, जनधनचं शून्य शिलकीचं खातं निघतं. ते होईपर्यंत व्हाउचरवर रोख दे. एका दिवशी एका माणसाला १०,००० रुपयांवर रोख दिलं तर तो खर्च आयकरात धरत नाहीत, पण नव्या असिस्टंटचा आठवड्याचा रोज सहसा त्याखालीच बसतो. आधार कार्ड सासरी राहिलं असेल, त्यावर पत्ता जुना असेल. आश्रयगृहात राहणाऱ्या बाईला तिथल्या अधीक्षकांच्या प्रमाणपत्रावर पत्ता बदलता येतो. तोवर कागद अपुरे म्हणून काम अडवू नकोस. फॉर्मवरचं 'पतीचे / वडिलांचे नाव' काढ आणि 'अडचणीत कुणाला कळवायचं' एवढं ठेव.

कॉल शीट, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणी कुठे कधी यायचं त्याचं पत्रक, हा सगळ्यांत धोक्याचा कागद. नाव, फोन नंबर, लोकेशन, वेळ, सगळं एका पानावर आणि ते पान सगळ्यांच्या ग्रुपवर. शोधणाऱ्याला आणखी काय हवं? विभागप्रमुख सोडून कुणाचाही नंबर कॉल शीटवर नको. लोकेशन आदल्या रात्री ज्याला त्याला वेगळं पाठव. सेटवरचे फोटो आणि रील शेड्यूल संपेपर्यंत बंद, आणि हा नियम हिरोलाही लागू. श्रेयनामावलीत कुठलं नाव द्यायचं, की द्यायचंच नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. करारात आणि बँकेत कायदेशीर नाव, पडद्यावर तिला हवं ते.

इथे मला चीड येते ती एका गोष्टीची. सगळे म्हणतात, 'तिला खास सवलत देऊ.' खास सवलत दिली की बाकीचे विचारतात, हिलाच का? आणि मग कहाणी बाहेर पडते. जी सोय एकीला लागते ती पंचवीसही जणांना दे. महिन्याला दोन दिवस पगारी 'वैयक्तिक काम', कारण न सांगता. ती कोर्टाच्या तारखेला जाईल, लाइटमन आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेईल. मारहाणीचा किंवा बलात्काराचा सीन असेल तर दोन दिवस आधी सगळ्या युनिटला लेखी कळव: सीन क्रमांक, काय दिसणार, काय ऐकू येणार, किती टेक अपेक्षित. ज्याला त्या दिवशी सेटवर नको असेल त्याने विभागप्रमुखाला 'बदली हवी' एवढंच सांगायचं. रोज कापायचा नाही. तेवढ्यासाठी प्रत्येक विभागात काम सांभाळू शकेल असं दुसरं माणूस तयार ठेव, नाहीतर हा नियम कागदावरच राहतो. ओरडण्याचा आवाज दूरवर जातो, म्हणून मुलांची खोली सेटपासून लांब घे आणि ती सांभाळायला रोजावर बाई ठेव. कॉस्च्युमच्या पोरींवर ते ओझं टाकू नकोस.

गाडीचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तू रात्रीचं शूटिंग लावणार हे उघड आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात बायकांना कामाला लावायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षित ने-आण लागते. तुझ्या युनिटला तो कायदा लागू आहे की नाही याचा काथ्याकूट करू नकोस, ही पद्धतच ठेव. सकाळी कुठून घ्यायचं, सात रस्ता की पार्क चौक की घराच्या कोपऱ्यावर, हे बसणारा माणूस ठरवेल. रात्री मात्र दारात सोड, तिने स्वतःहून दुसरी जागा सांगितली नसेल तर.

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीबद्दल तू विचारलंस की 'लहान युनिटला गरज आहे का'. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असली की समिती लागते आणि त्यात रोजंदारीवरची, शिकाऊ आणि बिनपगारी माणसंही धरतात. तुझी पंचवीस आहेत, तेव्हा अंतर्गत समिती हवीच: वरिष्ठ जागेवरची एक बाई अध्यक्ष, युनिटमधले किमान दोन सदस्य, बाहेरची एक जाणकार व्यक्ती, आणि एकूण निम्म्या तरी बायका. बाहेरच्या सदस्याचं मानधन बजेटमध्ये धर. चित्रपटाच्या युनिटलाही समिती लागते, हे केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. कामासाठी पुरवलेल्या गाडीतला प्रवासही या कायद्यात कामाच्या जागेत मोडतो. तक्रारीची मुदत तीन महिने, समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. तुझं शूटिंग वीस दिवसांत संपेल, म्हणून पॅकअपनंतरही समितीचा फोन सहा महिने चालू राहिला पाहिजे. बहुतेक युनिटांत नेमका तोच बंद होतो.

कुणी शोधत आलं तर गेटवरच्या माणसाला एकच वाक्य पाठ असू दे: 'इथे कोण काम करतं ते आम्ही सांगत नाही.' नटाच्या मामालाही तेच वाक्य. मग आत फक्त तिला निरोप जाईल, आणि ११२ ला फोन करायचा का हे ती सांगेल. आरडाओरडा, धमकी किंवा घुसखोरी झाली तर मात्र कुणाला न विचारता फोन कर. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याच्या कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी त्या माणसाला तिच्या कामाच्या ठिकाणी यायला मनाई करू शकतात. आपल्या धंद्यात ठिकाण रोज बदलतं, म्हणून अर्जात ते कसं मांडायचं हे वकिलाला विचारायला तिला वेळ दे. तू स्वतः तिचा वकील होऊ नकोस.

आता दिग्दर्शक. तो चांगला माणूस आहे असं तू लिहिलंस. चांगली माणसंच चहाच्या वेळी हळूच विचारतात, 'हा सीन खरा वाटतो का हो तुम्हाला?' हे तिच्या रोजात बसत नाही. सल्ला हवा असेल तर समुपदेशकाशी वेगळा करार कर आणि वेगळे पैसे दे. आणि निर्मात्याला प्रसिद्धीसाठी 'आम्ही संधी दिली' असं रील हवं असेल तर त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ दाखव. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख छापली तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. लेखी संमती असेल तर चालतं, असं तो म्हणेल. कायद्यात ती वाट आहे, खरं आहे. पण पगार देणाऱ्याने मागितलेल्या संमतीला नाही कोण म्हणणार? म्हणून मागायचीच नाही.

इंडस्ट्रीतूनच बाहेर फेकल्या गेलेल्यांना विसरू नकोस. मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या बायकांची स्थिती तपासायला केरळ सरकारने २०१७ मध्ये नेमलेल्या न्या. हेमा समितीचा अहवाल सरकारकडे डिसेंबर २०१९ मध्ये गेला आणि लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये. बोललं की काम बंद होईल, ही भीती त्यात नोंदलेली आहे. आपल्याकडे कामं फोनवर आणि ओळखीवर मिळतात. जुन्या युनिटला फोन केलास की 'कामाला बरी आहे, पण कटकट फार' असं ऐकशील. जुन्या मालकाला 'काम काय केलं आणि किती दिवस' एवढं विचार. 'का सोडलं' हा प्रश्न तिथेही नको.

मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. सहानुभूतीवाल्या युनिटांत बायका दोन महिन्यांत गळतात हे मला दिसतं, आणि त्याचं कारणही दिसतं: त्यांना हलकं काम दिलं जातं, चुकलं तरी कुणी बोलत नाही, आणि पुढच्या चित्रपटाला फोन जात नाही. तिने पिशवीवर चुकीचा सीन नंबर टाकला तर इतरांना सांगतोस तसंच तिलाही सांग, चारचौघांत आवाज न चढवता. काम जमलं तर पुढच्या वेळी असिस्टंटची मुख्य कर आणि रोज वाढव. नाहीच जमलं तर तिला काढायचा अधिकारही तुला आहे. पण कारण कामाचंच हवं, आणि ते लिहून दे.

सुधारलेला फॉर्म आणि बजेट मंगळवारपर्यंत पाठव. गाडी, मुलांची खोली, बदलीची माणसं आणि समितीचं मानधन या चार रकमा वेगळ्या दाखव, 'इतर खर्च' मध्ये कोंबू नकोस. निर्माता कापायला बसला की आधी 'इतर खर्च'च कापतो.

तुझी,
मावशी