आयसोलेटरमध्ये पाणी शिरतंय? सिलिकॉनची ट्यूब खाली ठेवा, आधी केबल कुठून आत गेलीय ते बघा

प्रश्न : पंपासाठी उघड्यावर नवीन आयसोलेटर (वीज तोडायचा पेटीतला स्विच) बसवला, त्यावर आयपी ६५ लिहिलंय. दुकानदार म्हणाला पावसात काही होत नाही. पहिल्याच पावसात आत पाणी, टर्मिनल हिरवी पडली. आता तो म्हणतोय सगळीकडून सिलिकॉन मारा. मारू का?

उत्तर : नाही. अशा पेट्या भरपूर उघडून बघितल्यात, बहुतेक ठिकाणी केबल वरून घेतलेली असते, तुमचीही तशीच असणार. खांबावरून वायर खाली येते म्हणून वायरमन सरळ डोक्यावर भोक पाडतो, त्याचं अर्धा मीटर वायरचं काम वाचतं आणि पाणी केबलवरून ओघळत थेट टर्मिनलवर. आयपी ६५ मधला ६ म्हणजे धुळीपासून बचाव आणि ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून, पण पाडलेल्या प्रत्येक भोकात त्याच दर्जाची ग्लँड (केबलभोवती आवळून बसणारा रबरवाला तुकडा) बसली आणि रिकामी भोकं प्लगने बंद केली तरच तो आकडा खरा, नाहीतर नुसता छापलेला.

केबल खालूनच घ्या. पेटीच्या खाली नेऊन एक झोल द्या आणि मग वर वळवून आत, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी टपकतं. एवढ्यानेच बराचसा त्रास जातो. वरचं जुनं भोक वॉशरवाल्या प्लगने बंद करा, चिकटपट्टीने नको, ती उन्हात सुटते. पाइपमधून केबल आणली असेल तर पाइपाचं वरचं तोंड आधी बुजवा, पाणी पाइपाच्या आतूनच येतं आणि लोक बाहेरून शोधत बसतात.

ग्लँड घेताना केबलचा बाहेरचा व्यास मोजून न्या. २० एमएमची ग्लँड म्हणजे २० एमएमची केबल नाही, मेकप्रमाणे तिच्यात ६ ते १२ किंवा १० ते १४ एमएमची केबल बसते. एका ग्लँडमध्ये एकच केबल, दोन कोंबल्या की मधली फट गळणारच, दुकानदार काहीही सांगो. आणि सबमर्सिबलची केबल चपटी, ग्लँडमधलं रबर गोल! चपट्या भोकाचं रबर मागा, नसेल तर चपटी केबल खोलीतल्या स्टार्टरलाच संपवा आणि बाहेर आयसोलेटरला गोल केबल वापरा. ग्लँड हाताने आवळून मग पान्याने थोडीच, जास्त पिळली की रबर चेपतं नाहीतर प्लॅस्टिकची पेटीच तडकते.

सिलिकॉनचं पुन्हा सांगतो, ग्लँडच्या बदल्यात सिलिकॉन नाही. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते तर पेटीजवळही नको, सुकताना त्यातून अॅसिड निघतं आणि तांबं खातं. सगळ्या फटी लिंपल्या तरी दिवसा तापलेली पेटी पावसात गार झाली की कुठूनतरी दमट हवा ओढते, आत थेंब धरतात आणि ते पाणी बाहेर पडायला वाटच उरत नाही. कंपनीने तळाला निचऱ्याचं भोक दिलं असेल तर ते मोकळं ठेवा, आपल्या मनाने नवीन पाडू नका.

वेळ चुकवू नका. हे काम पावसाच्या आधी, कोरड्या दिवशी. ओली पेटी तशीच बंद केली तर ओल आत कोंडून ठेवली एवढंच होईल. हिरवी, काळी पडलेली टर्मिनल घासून परत वापरू नका, स्विच बदला.

आणि हात घालण्याआधी मागचा मेन बंद करा. आयसोलेटर ऑफ केला तरी त्याच्या येणाऱ्या बाजूच्या टर्मिनलला करंट असतोच. टेस्टरने सगळे फेज बघा, परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. सोलर पंपाचा डीसी आयसोलेटर असेल तर एसीचा स्विच त्याला चालत नाही, डीसीचा आर्क (स्विच तोडताना उडणारी मोठी ठिणगी) लवकर विझत नाही, पाणी शिरलं तर पेटी पेटू शकते, आणि ऊन आहे तोवर पॅनलच्या बाजूने करंट येतच राहतो.

काहींनी अनुदानाचंही विचारलंय, तर मंजुरी आधी, खरेदी नंतर, पक्कं बिल ठेवा, बाकी अनुदानाच्या कार्यालयात विचारा. बिलात ग्लँड आणि प्लग वेगळे लिहिलेत का तेवढं बघा, ते बहुतेक वेळा दिलेलेच नसतात.