कॉन्ट्राची धून पळते कशाला? जुन्या गेमच्या आवाजाविषयी वाचकांचे प्रश्न

माळ्यावरचा टीव्ही गेम पुन्हा चालू कसा करावा, याविषयी गेल्या अंकात चार ओळी छापल्या. त्यानंतर आलेल्या पत्रांत चित्राची तक्रार फारशी नव्हती. सगळ्यांचं अडलं होतं ते आवाजापाशी. त्यातली सहा पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भावंडं मारिओ आणि कॉन्ट्रा खेळायचो. आता मुलाने लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकून दिला. चित्र तेच, पण धून घाईघाईने वाजते. मुलगा म्हणतो, ‘आई, तुझी आठवणच संथ आहे.’ खरं काय? (वाचक, मानेवाडा)

आठवण बरोबर आहे, मुलाला खुशाल सांगा. हे गेम मुळात निन्टेंडो या जपानी कंपनीच्या यंत्रावरचे, आणि या यंत्रात संगीताला स्वतःचं घड्याळ नसतं. पडद्यावर एक चित्र रंगवून झालं की चित्राची चिप गेमला टिचकी मारते आणि त्या टिचकीसरशी धून एक पाऊल पुढे सरकते. जपान-अमेरिकेच्या टीव्हीवर ही टिचकी सेकंदाला ६० वेळा पडायची. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे ५० वेळांचे. आपल्याकडे विकले गेलेले बरेचसे ‘टीव्ही गेम’ म्हणजे मूळ यंत्राच्या नकला. त्या आपल्या टीव्हीला जुळवलेल्या होत्या, पण कॅसेटमधला कार्यक्रम जपानी किंवा अमेरिकीच. त्यामुळे ६० सेकंदांची धून इथे ७२ सेकंद चालायची. मानेवाड्यातलं तुमचं बालपण त्या ७२ सेकंदांच्या लयीत गेलं आहे.

गंमत म्हणजे लय उतरली तरी पट्टी जवळजवळ तीच राहायची. मूळ यंत्राचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झवर चालतो, या नकलांचा १.७७ वर. फरक अर्ध्या स्वराच्या सहाव्या हिश्शाएवढा.

आता उपाय. मेसेन किंवा एफसीईयूएक्स या एम्युलेटरमध्ये ‘रीजन’ची सेटिंग असते. तिथे ‘ऑटो’ऐवजी ‘डेंडी’ निवडा. रशियात खपलेल्या अशाच एका नकलेचं हे नाव, आणि तिचा हिशोब आपल्या सेटशी जुळतो. शेजारचा ‘पाल’ पर्याय मात्र निवडू नका. तो युरोपातल्या अधिकृत यंत्राचा आहे. त्याचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झचा, म्हणून लयीबरोबर पट्टीही अर्ध्या स्वराहून जास्त खाली येते. काळी एकचं गाणं पांढरी एकच्याही जरा खाली गेल्यासारखं वाटेल. नेमकी हीच चूक करून ‘अजून काहीतरी बिनसलंय’ म्हणणारे पुष्कळ.

जुना सेट चालू असेल तर घड्याळ लावून खात्री करता येते. सुपर मारिओच्या पहिल्या पातळीवर वर ‘टाइम’ ४०० पासून उतरतो. मारिओला जागेवर उभा ठेवा आणि ४०० ते ३०० मोजा. ४० सेकंद लागले तर सेट ६० च्या चालीचा, ४८ लागले तर ५० च्या.

लय जुळूनही आवाज परका वाटला, तर आणखी एक खोड तपासा. धून वाजवणाऱ्या दोन वाहिन्या चौकोनी लाटेच्या असतात. लाट एका फेरीत किती वेळ ‘वर’ राहते, १२.५, २५ की ५० टक्के, त्यावर आवाजाचा पोत ठरतो. २५ टक्क्यांचा आवाज बारीक आणि नाकातला, ५० चा पोकळ आणि गोल. बऱ्याच नकली चिपांमध्ये हे २५ आणि ५० उलटसुलट झाले होते, त्यामुळे जिथे बारीक आवाज हवा तिथे गोल वाजायचा. मेसेनच्या ऑडिओ सेटिंगमध्ये चौकोनी वाहिन्यांची ‘ड्युटी सायकल’ अदलाबदल करण्याची खूण आहे. सगळ्याच सेटमध्ये ही खोड नव्हती. खूण करून ऐका, नाही पटली तर काढून टाका.

प्रश्न : माळ्यावरून सेट काढला. चालतो, पण संगीतामागे सतत ‘घूंऽऽ’ आवाज येतो. टीव्ही बदलून पाहिला, तरी तेच. (वाचक, सदर)

आधी घूं कोणती ते ओळखा. गेममधला पडदा पांढरा-उजळ झाला की आवाज वाढत असेल, काळा झाला की कमी होत असेल, तर दोष अँटेनाच्या वायरीच्या वाटेत आहे. त्या एकाच वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात आणि चित्र आवाजात झिरपतं. सेटच्या मागे किंवा बाजूला एव्हीची भोकं असतील तर पिवळी-पांढरी वायर लावा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

पडदा कसाही असो, घूं एकसारखीच राहत असेल तर अडॅप्टर पकडा. घरातली वीज ५० हर्ट्झची. ती डायोडमधून सरळ झाली की १०० हर्ट्झचे हेलकावे उरतात, आणि ते गिळण्याचं काम कपॅसिटरचं. वीस-पंचवीस वर्षं पडून राहिलेला कपॅसिटर सुकतो. त्यात माळा नागपूरचा, म्हणजे मे महिन्यात पत्र्याखाली तो भाजूनच निघालेला. सेटमध्ये ५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर असतो. त्याला आत किमान ७ व्होल्ट लागतात. हेलकाव्याच्या तळाशी व्होल्टेज त्याच्या खाली गेलं की घूं सरळ आवाजात उतरते.

जुन्या वजनदार अडॅप्टरला सेट न जोडता मल्टिमीटर लावला तर ९ ऐवजी १२-१३ व्होल्ट दिसतील. घाबरू नका, लोड नसताना तसंच दिसतं. सेट चालू ठेवून मोजा. अडॅप्टर उघडण्याच्या भानगडीत पडू नका, आत २३० व्होल्ट असतात. बर्डीच्या बाजारातून ९ व्होल्ट, १ अँपिअरचा डीसी अडॅप्टर आणा. आणताना जुन्या अडॅप्टरवरचं वर्तुळाचं चिन्ह बघा. मधली पिन निगेटिव्ह की पॉझिटिव्ह हे सेटगणिक बदलतं, आणि मूळ जपानी यंत्राची मधली पिन निगेटिव्ह होती. उलटं लावलंत तर रेग्युलेटर जाण्याची भीती. सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर ‘बसतोय ना’ म्हणून लावू नका. सेट ०.३ अँपिअर घेत असेल तर ९ व्होल्टवर रेग्युलेटर १.२ वॅट उष्णता काढतो, १२ वर २.१. तेवढ्यात तो तापून मधेच बंद पडतो.

नव्या अडॅप्टरनेही घूं गेली नाही तर सेटच्या बोर्डावरचा मोठा कपॅसिटर बदला. त्यावर छापलेले मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा (बहुधा ४७० किंवा १०००), व्होल्ट मात्र २५ चा घ्या. अंगावर पट्टी असलेली बाजू निगेटिव्ह.

आणि हो, सेट आणि कूलर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर ठेवू नका. कूलरचा पंप चालू-बंद होताना येणारा ‘कट्’ कुठल्याच कपॅसिटरने जात नाही.

प्रश्न : चित्र स्वच्छ, पण एका कॅसेटला आवाजच नाही. दुसऱ्या कॅसेटला आहे. (वाचक, महाल)

६० पिनांच्या कॅसेटमध्ये आवाज सेटमधून कॅसेटमध्ये जातो आणि तिथून फिरून परत येतो. ४५ आणि ४६ क्रमांकाच्या पिना त्यासाठीच. त्यांच्यावर काळपट थर चढला की चित्र चालतं आणि आवाज गप्प. कापसाच्या काडीला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सोनेरी पट्ट्या उभ्या पुसा, काडी काळी येईनाशी होईपर्यंत, आणि पाच मिनिटं वाळू द्या. फुंकर मारू नका. ती आपण सगळ्यांनीच मारली, पण तोंडातली वाफ पट्ट्यांवर बसून गंज वाढतो. कॅसेट पुन्हा लावताना घासली जाते म्हणून चालू होते, श्रेय मात्र फुंकरीला मिळतं.

प्रश्न : कॉम्प्युटर क्लासमध्ये प्रिन्स ऑफ पर्शिया खेळायचो तेव्हा नुसतं ‘टिंव टिंव’ वाजायचं. आता डॉसबॉक्स या जुने डॉस गेम चालवणाऱ्या एम्युलेटरमध्ये भारदस्त वाद्यं वाजतात. मला टिंव टिंव हवं आहे. (वाचक, प्रतापनगर)

क्लासच्या मशीनमध्ये साउंड कार्ड नसावं, म्हणून १९९० चा तो गेम आतल्या छोट्या स्पीकरवर वाजायचा. त्या स्पीकरला एका वेळी एकच सूर येतो. मशीनमधला टायमर ११,९३,१८२ या आकड्याला भागून सूर तयार करतो. २७१२ ने भागलं की ४४० हर्ट्झ मिळतात. अ‍ॅडलिब या साउंड कार्डावर मात्र नऊ आवाज एकदम निघायचे. डॉसबॉक्स ते कार्ड असल्याचं भासवतो आणि गेम साहजिकच चांगलं दिसेल ते उचलतो.

डॉसबॉक्सची सेटिंगची फाइल उघडा. साउंड ब्लास्टरच्या विभागात ‘एसबीटाइप’ आणि ‘ओपीएलमोड’ या दोन्हींपुढे ‘नन’ लिहा. स्पीकरच्या विभागात ‘पीसीस्पीकर’ चालू ठेवा. कार्ड सापडलं नाही की गेम मुकाट्याने टिंव टिंववर येतो. उलट ज्यांना वाद्यं हवीत आणि गेम सेटअपमध्ये आकडे विचारतो, त्यांनी पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ भरावं. आयआरक्यू ५ भरलं तर डॉसबॉक्समध्ये आवाज मुका राहतो किंवा पहिल्याच ठोक्याला अडकतो.

प्रश्न : क्वेक या गेमची मूळ सीडी जपून ठेवली आहे. तिची आयएसओ इमेज, म्हणजे सीडीची एका फाइलीतली प्रत, काढून गेम चालवला. गोळ्यांचे आवाज येतात, संगीत नाही. (वाचक, धरमपेठ)

१९९६ च्या या सीडीवर पहिला ट्रॅक गेमचा आणि २ ते ११ हे साध्या ऑडिओ सीडीसारखे गाण्यांचे ट्रॅक आहेत. आयएसओत फक्त पहिला येतो. इमेज पुन्हा काढा, पण बिन आणि क्यू या फाइलींच्या जोडीत. इमबर्न या प्रोग्रामला एकाहून जास्त ट्रॅक दिसले की तो आपणहून तीच काढतो. वेग ८ एक्सच्या वर नेऊ नका. डॉसबॉक्समध्ये माउंट करताना बोट क्यू फाइलीकडे दाखवा, बिनकडे नाही.

क्वेक आजच्या मशीनवर चालवणाऱ्या क्वेकस्पाझमवर खेळत असाल तर आणखी सोपं. गाणी ओजीजी या प्रकारच्या फाइलींमध्ये काढा आणि आयडी१ फोल्डरच्या आत ‘म्युझिक’ फोल्डरमध्ये ट्रॅक०२ ते ट्रॅक११ अशा नावांनी (नावं इंग्रजीतच) ठेवा. मोजणी ०१ पासून केली की प्रत्येक पातळीला शेजारचंच गाणं लागतं.

सीडी थेट जुन्या मशीनमध्ये घालूनही संगीत नसेल तर कॅबिनेट उघडून बघा. सीडी ड्राइव्हच्या मागून साउंड कार्डला जाणारी चार तारांची बारीक वायर गळलेली असते. गाणी तिच्यातूनच जायची.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलं मारिओची धून हार्मोनियम आणि कॅसिओवर वाजवणार आहेत. ऐकून सूर काढताना गोंधळ उडतो. (संगीत शिक्षिका, नंदनवन)

सगळं एकदम ऐकू नका. एनएसएफ फाइल (गेममधलं फक्त संगीत असलेली फाइल) एनएसएफप्ले या प्लेअरमध्ये लावा. तिथे पाचही वाहिन्या एकेक करून बंद करता येतात. दोन चौकोनी, एक त्रिकोणी, एक खरखरीची आणि एक नमुन्यांची. आधी त्रिकोणी एकटी ऐका. तो खर्ज आहे, आणि त्या वाहिनीला लहान-मोठा आवाज करता येत नाही, म्हणून सूर स्पष्ट सापडतात. मोबाइलवर मात्र ही वाहिनी शोधू नका, त्याच्या स्पीकरला खर्ज झेपत नाही. मग एकेक चौकोनी घ्या. हार्मोनियमला खर्ज द्या, वरच्या दोन ओळी कॅसिओला.

इतर गेमांच्या धुनांत मधेच थरथरता, पाण्यासारखा सूर ऐकू आला तर तो एक सूर नसतो. तीन सूर एकदम वाजवायला वाहिन्या पुरत नाहीत, म्हणून सा-ग-प एकामागून एक दर टिचकीला फिरवलेले असतात. मुलांनी तिथे बोटं पळवू नयेत, तिन्ही पट्ट्या एकदम दाबाव्यात.

कॅसिओवर पियानो ठेवू नका. कीबोर्डांच्या आवाजांच्या ठरलेल्या, ‘जनरल मिडी’ यादीतला ८१ क्रमांकाचा ‘स्क्वेअर लीड’ आवाज निवडा. सस्टेन बंद, आणि पट्टी जोरात दाबली की आवाज वाढण्याची सोय असेल तर तीही बंद. लय साठच्या चालीवर ठेवायची की पन्नासच्या, ते मुलांना नव्हे, पालकांना विचारा.