पेंटानंतर रात्रभर ताप आला, मग पुढचा डोस खासगीत ‘पेनलेस’ घ्यावा का?

तुमची मुलगी ७ आठवड्यांची, सरकारी केंद्रात पेंटाचा पहिला डोस झाला, रात्रभर ताप, मांडीला गाठ. आणि सासूबाई म्हणतायत, पुढची सुई नकोच. मी आरोग्य सेविका म्हणून उपकेंद्रावर बरीच वर्षं काढली आहेत, आता निवृत्त आहे. हा प्रश्न मला ओट्यावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेलाय.

आधी तापाचं सांगते. पेंटा म्हणजे आपली जुनी त्रिगुणी लसच, घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची. तिच्यात कावीळ ब आणि हिबची (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा एक जंतू) भर घातली आहे. ताप आणतो तो मुख्यतः डांग्या खोकल्याचा भाग. सरकारी लशीत त्या जंतूचा अख्खा मेलेला देह असतो, म्हणून शरीर जोरात खडबडून उठतं. ‘पेनलेस’मध्ये त्याची निवडक प्रथिनं तेवढी असतात. त्यामुळे ताप-सूज कमी, हे खरं. सुई मात्र तेवढीच टोचते, नावावर जाऊ नका! आणि तिचं संरक्षण लवकर ओसरतं, हे काउंटरवर कुणी सांगत नाही. बालरोगतज्ज्ञही पहिल्या तीन डोसांना शक्यतो अख्ख्या जंतूचीच लस सुचवतात. मागच्या वेळी खरंच गंभीर त्रास झाला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टर ठरवतील. एका रात्रीचा ताप त्यात बसत नाही. काही हजार रुपये वाचवा.

सासूबाईंना जपानची गोष्ट सांगा. तिथे १९७४ साली डांग्या खोकल्याचे ४०० सुद्धा रुग्ण नव्हते. लशीनंतर दोन बाळं दगावली, लोक घाबरले आणि १९७५ मध्ये लसीकरण थांबलं. पुढे ते सुरू झालं तरी लोक मागेच राहिले. १९७९ साली १३ हजारांवर रुग्ण आणि ४१ मृत्यू. ही ‘पेनलेस’ लसही त्याच धसक्यातून जपानमध्येच तयार झाली, १९८१ मध्ये वापरात आली.

तान्ह्या बाळाला डांग्या खोकला झाला की ती ‘हूप’, म्हणजे उबळीनंतर श्वास ओढतानाचा आवाज, ऐकू येईलच असं नाही. कधी कधी बाळ खोकतही नाही, श्वासच थांबतो, ओठ निळे पडतात. म्हणून तर पहिली सुई दीड महिन्यावर ठेवलीय. धनुर्वाताचं आणखी वेगळं: तो माणसाकडून माणसाला होत नाही, जंतू मातीत असतात. शेजारच्या शंभर मुलांनी लस घेतली तरी तुमच्या मुलीला त्याचा फायदा शून्य.

आता घरचं. सुई दिली तिथे चोळू नका, गरम शेक नको, हळद-चुन्याचा लेप नको. स्वच्छ ओल्या फडक्याची घडी पुरे. ती वाटाण्याएवढी गाठ लशीतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारामुळे येते, काही आठवडे राहून आपोआप विरते. अंगावर पाजत राहा. तापाचं औषध सिस्टरने सांगितलं तेवढंच, बाळाच्या वजनावर. इथे एक चूक मी वारंवार पाहिली: पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स आणि सिरप एक समजतात. ड्रॉप्सच्या १ मिलीत साधारण १०० मिलिग्रॅम औषध, सिरपच्या १ मिलीत बरेचदा जेमतेम २५. थोरल्याच्या सिरपचा चमचा मोजायची सवय हाताला असते आणि तेवढेच ड्रॉप्स बाळाच्या पोटात जातात. बाटलीवरचं लेबल दिव्याखाली धरून वाचा.

ताप दोन दिवसांपलीकडे गेला, बाळ सलग तीन तास रडत राहिलं, झटका आला किंवा एकदम लुळं-पांढरं पडलं, तर घरी थांबू नका. असं काही झालं असेल तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

मला खरी काळजी वाटते ती दीड वर्षांनंतरची. घरभेटीला गेलं की रेशनकार्डाच्या पिशवीतून लसीकरणाचं कार्ड निघायचं. दीड, अडीच, साडेतीन महिने, सगळ्या रकान्यांत तारखा. १६ ते २४ महिन्यांचा बूस्टर, म्हणजे संरक्षण टिकवणारा पुढचा डोस, कोरा. पाच वर्षांचा तर कोराच. एका बाईंना विचारलं तर म्हणाल्या, “तवा लई ताप आलता ना, बाई.” पोरगं तोवर अंगणात सायकल चालवत होतं. घटसर्प आता बहुतेक अशाच, बूस्टर राहून गेलेल्या मोठ्या मुलांत दिसतो. घशात करडा पडदा धरतो तो.

तेव्हा १० आठवडे भरले की त्याच केंद्रात जा. मांडी चटकन उघडी करता येईल असं सैल झबलं घाला, टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा, आणि डाव्या मांडीची ती गाठ सिस्टरला आधीच दाखवा.