न्यूरोसारकॉइडोसिस (मज्जासंस्थेत सुजेच्या गाठी होण्याचा आजार) आहेच, आता स्पायनल स्टेनोसिसचीही (मणक्याची नळी अरुंद होण्याची) शंका आहे. ऑपरेशन करून टाकावं का?

तुम्ही लिहिलंय की उपचार चालू असतानाच पाय जड पडू लागले, एमआरआयमध्ये मणक्याची नळी अरुंद दिसली आणि आता एक डॉक्टर म्हणतात सारकॉइड, दुसरे म्हणतात मणका. मी डॉक्टर नाही, पण दोन्ही दुखणी घेऊन काही वर्षं जगते आहे. माझं सारकॉइड सुरू झालं ते चेहऱ्याची एक बाजू लुळी पडून. छातीत गाठी दिसल्या तेव्हा सगळ्यांना टीबीच वाटला होता, बायोप्सीनंतर उलगडा झाला.

माझं मत विचाराल तर ऑपरेशनचं नंतर बघा. आधी कुठला त्रास कशामुळे होतोय ते वेगळं करा. कंबरेत नळी अरुंद असेल तर उभं राहिल्यावर, चालल्यावर पोटऱ्या भरून येतात आणि बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळं वाटतं. मॉलमध्ये ट्रॉलीवर रेलून मला बरंच चालता येतं, ते यामुळेच. मज्जारज्जूला सारकॉइडची सूज असेल तर बसून आराम पडत नाही, बधिरपणा काही दिवसांत किंवा आठवड्यांत वर चढत जातो. तळपायांची रात्रीची आग ही आणखी निराळी, ती बारीक नसांमुळे असू शकते. आणि जमिनीवरून उठताना, जिना चढताना मांड्यांत जोरच नसेल पण दुखतही नसेल, तर स्टिरॉइडमुळे स्नायू अशक्त झालेत का ते विचारा. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळत असतील, तोल जात असेल, तर फक्त कंबरेचा नाही, मानेचाही एमआरआय लागतो.

तो एमआरआय कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं औषध) देऊन केलाय का, ते बघा. सूज असलेली जागा त्यात उजळते. पण मानेत नुसता दाबला गेलेला मज्जारज्जूही कधीकधी उजळतो, म्हणून नुसत्या रिपोर्टवर जाऊ नका. न्यूरोलॉजिस्ट आणि मणक्याचे सर्जन, दोघांनीही प्रत्यक्ष फिल्म बघायला हवी. पन्नाशीनंतर काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही नळी अरुंद दिसते, हेही लक्षात असू द्या.

एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचंय. पाठ दुखते म्हटलं की आपल्याकडे व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी हातात पडते, शेजारीपाजारीही सुचवतात. सारकॉइडच्या गाठी व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप स्वतःच तयार करतात. त्यामुळे नेहमीच्या तपासणीत डी कमी दिसतं, पण सक्रिय डी वाढलेलं असू शकतं. त्यावर पुडी घेतली तर रक्तातलं कॅल्शियम चढून मूत्रपिंडावर येऊ शकतं. दुसरीकडे स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, म्हणजे हाडांकडे दुर्लक्ष करूनही चालत नाही. रक्तातलं कॅल्शियम आणि डीची दोन्ही रूपं तपासून मगच, सारकॉइड बघणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने काय ते घ्या. मेथोट्रेक्सेट (सारकॉइडसाठी दिली जाणारी, प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) चालू असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, हे घरातल्यांनाही माहीत असू द्या. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते.

ऑपरेशन ठरलंच तर सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर या दोघांनाही स्टिरॉइड किती आणि कधीपासून चालू आहे ते सांगा. जखम उशिरा भरते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून कुणी गोळी एकदम बंद करायला सांगितली, तर न्यूरोलॉजिस्टना विचारल्याशिवाय करू नका. दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं आणि अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो.

लघवी अडली, शौचावर ताबा राहिला नाही, बसायच्या जागी बधिर झालं किंवा पायांतली ताकद झपाट्याने गेली, तर मात्र सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री न्यूरोसर्जन आणि एमआरआयची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा, जुनी फाईल सोबत घ्या.