डॉक्टर मेनार्ड, दोन नकाशे आणि लिडियाची जमीन

सिएटल वसवणाऱ्यांपैकी एक, डॉ. डेव्हिड मेनार्ड (१८०८–१८७३), यांच्याविषयी आलेले तीन प्रश्न.

प्रश्न : मुलाकडे सिएटलला आले आहे. येस्लर वे हा रस्ता ओलांडला की रस्त्यांची दिशाच बदलते. असं का?

तुम्ही बरोबर टिपलंत. मे १८५३ मध्ये गावाचे नकाशे दाखल झाले, तेव्हा डेनी आणि बोरेन या गाव वसवणाऱ्या इतर दोघांनी आपल्या जमिनीतले रस्ते किनाऱ्याला धरून आखले. दक्षिणेला मेनार्डनी ते सरळ उत्तर-दक्षिण आखले. कोणीच माघार घेतली नाही, म्हणून तो सांधा आजही पायाखाली लागतो. डॉक्टर प्यायलेले होते, अशी दंतकथा तिकडे सांगतात. मला ती पटत नाही. सरकारी मोजणीही उत्तर-दक्षिणच असायची. आदिवासी प्रमुख सिएटल यांचं नाव गावाला देण्याचा आग्रहही मेनार्ड यांचाच.

प्रश्न : डॉक्टरकी, वकिली, राजकारण हे एकाच माणसाला कसं जमलं?

नव्या वस्तीत माणसंच थोडी. १८५० मध्ये ओहायोहून येताना वाटेत पटकीची साथ होती. तिथे त्यांनी रोगी तपासले. त्याच साथीत नवरा गमावलेली कॅथरीन ब्रॉशिअर्स पुढे त्यांची बायको झाली. १८५२ मध्ये कोलंबिया नदीच्या उत्तरेला ऑरेगॉनपासून वेगळा प्रदेश मागणाऱ्या माँटिसेलोच्या सभेला ते हजर होते. पुढच्या मार्चमध्ये वॉशिंग्टन प्रदेश झाला. नंतर वकिलीची सनदही मिळवली. १८६३ मध्ये दोघांनी सिएटलचं पहिलं रुग्णालय काढलं. कॅथरीन तिथे परिचारिकेचं काम करत.

प्रश्न : पहिल्या बायकोला न कळवता घटस्फोट घेतला, हे खरं?

खरं आहे, आणि मला ते सर्वांत जास्त बोचतं. १८२८ पासूनची बायको लिडिया मुलांसह ओहायोत होती. डिसेंबर १८५२ मध्ये ऑरेगॉनच्या विधिमंडळाने थेट कायदा करून त्यांचा घटस्फोट मंजूर केला. लिडियाला नोटीस नाही, कारण नाही. आणि गोष्ट एकट्या नात्याची नव्हती. वस्ती करणाऱ्यांना जमीन देणाऱ्या तेव्हाच्या कायद्यात विवाहित जोडप्याला ६४० एकर मिळत, त्यातले निम्मे बायकोच्या स्वतःच्या नावावर. पुढे सरकारने ती निम्मी जमीन लिडियालाही नाकारली आणि कॅथरीनलाही. लिडियाची मुलं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. १८८८ मध्ये न्यायालयाने घटस्फोट वैध ठरवला. विवाहाच्या खटल्यांत हा निकाल पुढेही वारंवार उद्धृत झाला. लिडियाच्या मुलांच्या हाती मात्र त्यातला एकही एकर आला नाही.