अभिक्रिया झाली की द्रावणाची आयनिक स्ट्रेंग्थ वाढते की घटते?

तुमचा प्रश्न असा: हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की मीठ तयार होतं, मग आयन वाढून आयनिक स्ट्रेंग्थ वाढायला नको का?

आयनिक स्ट्रेंग्थ म्हणजे द्रावणात आयन, म्हणजे प्रभार असलेले कण, किती आणि किती प्रभाराचे आहेत याचं माप. मीठ तिथे नव्याने काही बनत नाही. सोडियम आणि क्लोराइडचे आयन आधीपासून सुटे फिरत असतात आणि नंतरही सुटेच राहतात. हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड मात्र एकत्र येऊन पाणी होतात, म्हणजे हिशेबातून बाद होतात. दोन्ही द्रावणं ०.१ मोलार (लिटरमागे ०.१ मोल) असतील आणि सारखी मिसळली, तर अभिक्रिया झालीच नसती तेव्हा आकडा ०.१ आला असता. प्रत्यक्षात ०.०५ येतो.

हा आकडा काढायचा तर प्रत्येक आयनाची संहती त्याच्या प्रभाराच्या वर्गाने गुणायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि ती निम्मी करायची. लुइस आणि रँडल यांनी १९२१ साली ही राशी मांडली, आणि दोनच वर्षांनी डिबाय व ह्यूकेल यांच्या सिद्धांतात तिला भक्कम आधार मिळाला. खरी गोम त्या वर्गात आहे. सोडियमचा आयन १ धरला तर कॅल्शियमचा ४ आणि फेरिकचा ९. म्हणून मी आयनांची डोकी मोजत बसत नाही, कोणत्या प्रभाराचे आयन गेले ते आधी बघतो. बेरियम क्लोराइड आणि सोडियम सल्फेट, दोन्ही ०.१ मोलार, सारखी मिसळा. ०.३ चा आकडा थेट ०.१ वर येतो, कारण तळाशी बसलेल्या पांढऱ्या अवक्षेपाने दोन्ही दुप्पट प्रभारवाले आयन सोबत नेले.

शाळेतली चुन्याची निवळी आठवतेय? माझ्या मते या विषयावर तिच्याइतकं सुंदर उदाहरण नाही. ०.००५ मोलार पातळ निवळी घ्या, आयनिक स्ट्रेंग्थ ०.०१५. तिच्यात कार्बन डायऑक्साइड सोडला की ती दुधाळ होते आणि आकडा जवळजवळ शून्यावर येतो, कारण कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात फारसं विरघळत नाही. वायू सोडत राहा (तोंडाने फुंकून भागणार नाही, उपकरणातून आलेला शुद्ध वायू हवा). दुधाळपणा जातो, बायकार्बोनेट होतं आणि आकडा परत ०.०१५! एकाच परीक्षानळीत, एकाच वायूने, आधी उतार आणि मग चढ. त्यामुळे ‘अभिक्रियेने वाढते की घटते’ याला एकच एक उत्तर नाही.

ॲसिड दुर्बल असेल तर तुमचा अंदाज बरोबर ठरतो. ०.१ मोलार ॲसेटिक ॲसिडमध्ये जेमतेम एक टक्का रेणू आयनरूपात असतात, आकडा ०.००१३ च्या आसपास. त्यात तेवढंच ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण मिसळलं की सोडियम ॲसिटेट होतं आणि आकडा ०.०५ वर जातो.

आता माझी फजिती. बीएस्सीला कंडक्टोमेट्रिक टायट्रेशनचा प्रयोग होता: बीकरमधल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ब्युरेटने सोडियम हायड्रॉक्साइड सोडत कंडक्टन्स, म्हणजे द्रावणाची वीज वाहून नेण्याची क्षमता, मोजायची. जर्नलमध्ये मी ऐटीत लिहिलं होतं, ‘आयन संपत जातात म्हणून कंडक्टन्स घटतो.’ वायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एवढंच विचारलं, “बीकरमधलं क्लोराइड कुठे गेलं?” मी गप्प. क्लोराइड होतं तिथेच होतं. ब्युरेटमधून आलेला प्रत्येक सोडियम एकेका हायड्रोजनच्या जागी बसत होता, त्यामुळे एंड पॉइंटपर्यंत, म्हणजे सगळं ॲसिड संपेपर्यंत, बीकरमधली आयनिक स्ट्रेंग्थ फक्त पाणी वाढल्यामुळे किंचित कमी होते. आलेख कोसळतो तो वेगळ्या कारणाने: हायड्रोजन आयनाची मोलार वाहकता सुमारे ३५०, सोडियमची सुमारे ५०. आयनिक स्ट्रेंग्थ प्रभार बघते, आयन किती चपळ आहे ते बघत नाही. एथिल ॲसिटेटच्या साबणीकरणातही (अल्कलीने एस्टर तोडताना) हेच घडतं. एक हायड्रॉक्साइड जातो, एक ॲसिटेट येतो. कंडक्टन्स उतरतो, आयनिक स्ट्रेंग्थ तशीच.

गतिकीचे, म्हणजे अभिक्रियेचा वेग मोजण्याचे, प्रयोग करणाऱ्यांना हा बदल खरा त्रास देतो, कारण आयनांमधल्या अभिक्रियेचा वेग आयनिक स्ट्रेंग्थवर अवलंबून असतो. परसल्फेट आणि आयोडाइड दोघेही ऋण प्रभाराचे, त्यामुळे ती वाढली की वेग वाढतो. वर ही अभिक्रिया स्वतःच ती वाढवते: एक परसल्फेट जाऊन दोन सल्फेट येतात. पोटॅशियम परसल्फेट ०.००५ आणि पोटॅशियम आयोडाइड ०.०२ मोलार घेतलं तर सुरुवातीला ०.०३५, शेवटी ०.०४. बदल साधारण १४ टक्के. त्यातच ०.२ मोलार पोटॅशियम नायट्रेट आधीच घालून ठेवलं तर ०.२३५ वरून ०.२४, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. प्रयोगाच्या कृतीत ‘पोटॅशियम नायट्रेट घाला’ अशी ओळ कारण न देता दिसली, तर ती बहुतेक यासाठीच असते.