कातरवेळेची धून

प्रश्न : आमचे बाबा आर्मीतून रिटायर झालेले, त्यामुळे २९ जानेवारीला टीव्हीवर बीटिंग रिट्रीट (प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याचा दिल्लीत होणारा लष्करी बँडचा समारोप) बघायचं हा घरातला नेमच. त्यात एक संथ धून असायची, मधेच लांबून घंटा वाजायच्या, आणि ती लागली की बाबा आवाज वाढवून एकदम गप्प बसायचे. २०२२ पासून ती बंद झाली. ते ख्रिस्ती भजन होतं एवढंच कळलंय. कोणी लिहिलं ते? आणि शब्द माहीत नसतानाही ते आत का लागतं? टायटॅनिक बुडताना हेच वाजत होतं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : टायटॅनिकचं आधी निकालात काढू, ती दंतकथा दुसऱ्याच स्तोत्राची आहे. तुमच्या बाबांचं ते ‘अबाइड विथ मी’.

लिहिणारे हेन्री फ्रान्सिस लाइट, इंग्लंडच्या डेव्हन भागातल्या ब्रिक्सहॅम नावाच्या बंदरावरचे पाद्री. चर्चला येणारी माणसं बरीचशी मासेमारी करणारी, आणि स्वतः लाइट क्षयाने पोखरलेले. १८४७ च्या सप्टेंबरात त्यांनी तिथलं शेवटचं प्रवचन दिलं, हवापालट म्हणून दक्षिणेकडे निघाले आणि नोव्हेंबरात, आता फ्रान्समध्ये असलेल्या नीसला वारले, वय ५४. घरच्यांची आठवण अशी की प्रवचनानंतर संध्याकाळी ते समुद्राकडे फिरून आले, खोलीत बसले आणि हे लिहून काढलं. काहीजण म्हणतात छे, हे खूप आधीचं, आयर्लंडमध्ये एका मरणाऱ्या मित्राच्या उशाशी सुचलेलं. मला स्वतःला वाटतं बीज जुनं असेलही, पण त्यातला थकवा १८४७ चाच आहे.

आता मूळ कुठलं बघा, मला सगळ्यात आवडतो तो भाग हाच. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात शेवटी एक गोष्ट आहे, येशूला क्रुसावर दिल्यानंतर दोन शिष्य हताश होऊन अम्माऊस गावाकडे चाललेत, वाटेत एक अनोळखी माणूस सोबतीला येतो, गप्पा होतात, गाव येतं आणि तो पुढे निघायला लागतो तेव्हा हे दोघं त्याला म्हणतात, अहो संध्याकाळ झाली, दिवस कलला, आता कुठे जाता, राहा आमच्याकडेच. म्हणजे आपल्याकडे दिवेलागणीला आलेल्या पाहुण्याला आई जसं अडवते अगदी तसंच, आणि तो पाहुणा म्हणजे येशू हे त्यांना जेवायला बसल्यावर कळतं. लाइटनी त्यातलं ‘आमच्याकडे’ काढून ‘माझ्याजवळ’ केलं, आणि दिवसाच्या संध्याकाळची केली आयुष्याची संध्याकाळ. पाहुण्याला केलेला आग्रह एका दमात मरणाऱ्याची विनवणी झाला! त्यात बरं कर, वाचव असं कुठेच नाही, मागणं एवढंच की जाऊ नकोस, थांब. कातरवेळ म्हणजे काय ते ज्याला माहितीये त्याला वेगळं समजवायला नको.

चाल मात्र लाइटची नाही. त्यांनी स्वतः एक लावली होती, ती आता कोणी गात नाही. आपण ऐकतो ती विल्यम हेन्री मंक यांची, १८६१ साली ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ या संग्रहात आलेली, म्हणजे लाइट जाऊन १४ वर्षं झाल्यावर. ती सोपी आहे म्हणूनच टिकली असं माझं मत. सगळी चाल सा ते ध एवढ्यातच फिरते, कोणाचाही गळा पुरतो, त्यामुळे चर्चमधल्या आजीपासून स्टेडियममधल्या गर्दीपर्यंत सगळे गातात. स्टेडियम खरंच बरं का, इंग्लंडात फुटबॉलच्या एफए कप फायनलच्या आधी १९२७ पासून हे गातात, मॅचला आलेले हजारो लोक मरणाचं गाणं म्हणतात आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. आणि अगदी उलट टोक म्हणजे ब्रुसेल्समधली नर्स एडिथ कॅव्हेल, पहिल्या महायुद्धात सैनिकांना पळून जायला मदत केली म्हणून जर्मनांनी १२ ऑक्टोबर १९१५ ला तिला गोळ्या घातल्या, आदल्या रात्री कोठडीत भेटायला आलेल्या पाद्रीबरोबर तिने हेच शब्द म्हटले होते.

आपल्याकडे हे गांधीजींचं फार आवडतं म्हणून ओळखलं जातं. त्यात बीटिंग रिट्रीट २९ ला आणि त्यांची पुण्यतिथी ३० ला, त्यामुळे विजय चौकात सूर्य बुडताना ते बरोबर बसायचं. २०२२ ला त्याजागी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आलं. त्याबद्दल तक्रार कशी करू, चाल सी. रामचंद्रांची, म्हणजे पुणतांब्यात जन्मलेल्या आपल्या अण्णांची, आवाज लताबाईंचा. पण ते गाणं गेलेल्यांची आठवण काढतं आणि हे जाणाऱ्याच्या तोंडचं आहे, एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

घरी पेटी असेल तर काळी दोनला सा धरा, मूळ चाल त्याच पट्टीतली. ग ग रे सा, तिथून एकदम वर प, मग ध प प म ग, ही झाली पहिली ओळ. दुसरी ग म प ध प म रे ग आणि मग तीव्र मध्यमावरून पंचमावर, तो तीव्र मध्यम घाईत शुद्ध वाजवू नका, सगळी गंमत तिथेच आहे. बाबांना न सांगता वाजवून बघा. घंटा नसल्या तरी ओळखतील ते.